गुंजीच्या फलाटावरची हाक

आक्का,

तुझा चौदावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि परवा दुपारी गल्लीतल्या बाया नेहमीसारख्या सूत भरायचे रहाट घेऊन आपल्या पुढच्या सोप्यात येऊन बसल्या. मला वाटलं, आता रडारड होणार. डोळ्याला पदर लावायची तयारी मीही करून ठेवली होती. पण शेजारच्या चन्नव्वानं रहाटाला कांडी चढवली आणि विचारलं, "सुंद्रा, गुंजीला पुढं काय झालं गं?"

तुझ्या जाण्याचं त्यांना काही नव्हतं असं नाही. पण तुझ्या कादंबरीतली बाई गुंजीच्या स्टेशनावर उभी आहे, तिचा नवरा रुसून गोव्याकडच्या गाडीत चढायला निघालाय, आणि तिला तशीच फलाटावर ठेवून तू निघून गेलीस, ही त्यांची मुख्य तक्रार होती. तू हे ऐकलं असतंस तर पोट धरून हसली असतीस. मलाही हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग इतके दिवस अडलेलं रडूही आलं.

शेवटचं प्रकरण तू लिहून ठेवलंस आणि ते माझ्याकडे आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. छापखान्याचे मालक समाचाराला आले तेव्हा चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता त्यांनीही हळूच विचारलं. मी म्हटलं, अजून गल्लीत वाचलेलं नाही. तर म्हणाले, मग आधी वाचा. आपलं शहापूर संस्थानातलं आणि छापखान्याचं बेळगाव इंग्रज सरकारातलं असलं तरी हा तुझा कायदा दोन्हीकडे चालायचा: आधी गल्ली, मग छापखाना.

आणि गल्लीत का वाचलं नव्हतं, ते तुला पक्कं माहीत आहे. त्या प्रकरणात नायकाला नावानं हाक मारलेली आहे, आणि ते नाव माझ्या नवऱ्याचं आहे. तू ते मुद्दाम घातलंस. मी म्हटलं, मरेन पण हे मोठ्यानं वाचणार नाही. त्यावरून आपलं जे वाजलं ते मिटायच्या आत तू दुसऱ्या दिवशी जेवलीस, जरा पडते म्हणालीस आणि उठलीच नाहीस. भांडण अर्धं टाकून जायची तुझी रीत कधीच नव्हती. म्हणून आता मी एकटीच ते पुढं चालवते आहे, आणि तू मधे बोलू शकत नाहीस याचा थोडा फायदाही घेते आहे.

मी बोरगावहून लग्न होऊन या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा तू थोरली होतीस, आणि लिहिणारीही होतीस. निपाणीच्या मास्तरांची मुलगी मागवाल्या विणकरांच्या घरात दिलेली. सासूबाईंनी तुला लिहू दिलं याचं पुण्याच्या लोकांना पुढं फार कौतुक वाटलं. त्यांना कोण सांगणार, की सासूबाईंचं गणित सरळ होतं. गोष्ट चालू असली की रहाट चालू राहतात. बाया पाणी प्यायला उठत नाहीत, माहेरची गाऱ्हाणी काढत नाहीत, दुपार सरायच्या आत कांड्यांची टोपली भरते. फक्त कुणी मरायला लागलं की हात थांबायचे आणि सुतावर टिपं पडायची. मग आतून सासूबाईंचा आवाज यायचा, "एवढ्यात मारू नगंस गं कुणाला, भांडण लाव." तुझ्या पुस्तकांत बायका इतक्या का भांडतात, यावर एका मासिकात कुणीतरी दोन पानं लिहिली होती. ती मी तुला वाचून दाखवली तेव्हा तू भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोला हात जोडलेस.

तुझी काम करायची तऱ्हाच निराळी. आपलं लिहिलेलं तू कधी स्वतः वाचायची नाहीस. तू म्हणायचीस, माझ्या तोंडून मला सगळंच गोड लागतं. तुला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असायचं, आणि तेही भिंतीकडे तोंड करून, हातात आपला रहाट घेऊन. मागं बसलेल्या बायांचे रहाट कुठं थांबतात ते तू ऐकत असायचीस. सगळे एकदम थांबले, की ती जागा पक्की, तिथला शब्द हलवायचा नाही. कुणी जांभई दिली किंवा आज बाजारात वांगी काय भाव म्हणून विचारलं, की ते पान संध्याकाळी चुलीत. सासूबाईंना रहाट थांबलेले चालायचे नाहीत आणि तुला थांबल्याशिवाय चालायचं नाही, आणि या दोघींच्या मधे मी पान हातात घेऊन बसलेली.

मी वाचणारी कशी झाले, तर तुला दुसरी कुणी मिळेना म्हणून. बोरगावात आमच्या शेतकऱ्याच्या घरात मला कुणी अक्षर दाखवलं नव्हतं. तू भाकरीच्या परातीत पीठ पसरून त्यात बोटानं अक्षरं काढलीस. माझं कल्याण करावं असं तुझ्या मनात बिलकुल नव्हतं, हे तू पुढं हसत हसत कबूलही केलंस. मी तुला अहो-जाहो करायचे, तर तू म्हणालीस, "तुम्ही तुम्ही करत बसलीस तर बाराखडी शिमग्याला संपंल. तू म्हण." तेव्हापासून तू माझी तू झालीस. तुझ्या स्वार्थापोटी मला वाचायला आलं, आणि त्यानंतर या चार भिंतींत मला कधी कोंडल्यासारखं वाटलं नाही. हे मी तुला तोंडावर कधीच बोलले नाही. बोलले असते तर तू म्हणाली असतीस, बरं बरं, पुढं वाच.

पण पहिल्याच कादंबरीत आपण कसं आपटलो ते आठवतं का? नायकाचं नाव तू ठेवलंस गणपत आणि दुष्टाचं मारुती. गल्लीत निम्म्या बायांचे नवरे गणपत आणि उरलेल्यांचे सासरे किंवा थोरले दीर मारुती. ऐकताना काही अडलं नाही. पण घरी जाऊन गोष्ट सांगायची तर नाव कोण घेणार? दोघांनाही 'ते'. त्यांनी तिला विहिरीत ढकललं आणि मग त्यांनीच उडी टाकून वर काढलं. आठवड्याच्या आत सगळ्या शहापुराची खात्री पटली की ढकलणारा आणि काढणारा एकच. त्या बिचाऱ्या सज्जन नायकाला बायांनी पाणवठ्यावर अशा शिव्या घातल्या की तू दोन दिवस जेवली नाहीस.

मग तू संक्रांतीला हळदीकुंकू ठेवलंस. येईल त्या बाईला दारातच सांगितलंस, आधी उखाणा, मग तिळगूळ. सासवांनाही सोडलं नाहीस. बायांना वाटलं, मास्तराच्या लेकीला हौस फार. उखाण्यातलं नाव देवाब्राह्मणांसमोरचं, त्याला दोष नाही, म्हणून सगळ्यांनी मुरके मारत घेतली. तू दारात हळदीकुंकू लावत एकेक नाव मनात टिपत होतीस: हे बाद, हेही बाद. शेवटची बाई गेल्यावर तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "सुंद्रे, माणसांची नावं संपली. आता देवादिकांकडनंच आणायला पायजेत."

आणि तू आणलीस. निरंजन, देवव्रत, अरुणकुमार, प्रफुल्ल. शहापुरात असलं नाव कुत्र्याचंसुद्धा नव्हतं. ती कादंबरी निघाली आणि पुण्याच्या एका विद्वानानं लिहिलं की लेखिकेवर बंगाली वळणाचा प्रभाव दिसतो आणि नावांच्या निवडीत नव्या युगाची चाहूल आहे. आपण दोघी ते वाचून इतक्या हसलो की मागावरून थोरले भाऊजी बघायला आले काय झालं ते. तुला बंगाल्यांनी नाही, आपल्या गल्लीतल्या गणपतांनी वळण लावलं होतं.

पण खरी गंमत पुढं झाली. ती नावं बायांना आवडली, आणि त्यांनी ती पोरांना ठेवायला सुरुवात केली. गल्लीत देवव्रत रांगायला लागले, त्यांचे देवऱ्या झाले, फुल्ल्या झाले. तू लिहीत राहिलीस, ती पोरं वाढत राहिली. मग त्यांची लग्नं झाली. एका दुपारी पारू म्हणून नवी सून आपल्या सोप्यात रहाट घेऊन बसली, मी वाचताना निरंजन म्हटलं, आणि तिनं लाजून मान खाली घातली. तू भिंतीकडे तोंड करून बसली होतीस तरी तुला ते कळलं. तूच पिकवलेली नावं तुझ्याच डोळ्यांदेखत बाद होत चालली होती. बाई इतकी वर्षं लिहीत राहिली की हे व्हायचंच.

आणि चिकोडी! तिथल्या लग्नाला गेलो होतो, आणि तुला वाचनालयात जाऊन आपलं पुस्तक आहे का ते बघायचं होतं. उगीच, मनाला बरं वाटावं म्हणून. तिथल्या कारकुनानं विचारलं, लेखिकेचं नाव? तू आपलं नाव सांगितलंस आणि थांबलीस. तो म्हणाला, पूर्ण नाव? पुस्तकावर तुझ्या नावापुढं भाऊजींचं नाव छापलेलं. ते तू घेणार नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस. पण ते माझे थोरले दीर, मी तरी कशी घेणार? आपण दोघी त्याच्यासमोर मुक्यासारख्या उभ्या. तो वैतागून म्हणाला, "बाई, कुणाचं पुस्तक पायजे एवढं तरी घरनं विचारून या की." तू बाहेर पडलीस आणि वाचनालयाच्या पायरीवरच बसून हसलीस. इतकी पुस्तकं लिहिलीस, पण आपल्या पुस्तकाच्या वरचं पान तुला कधी मोठ्यानं वाचता आलं नाही.

भाऊजी गेले ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. साधा ताप म्हणून पडले आणि गेले. तू वर्षभर कागदाला शिवली नाहीस. मी भाकऱ्या करायचे, तू नुसती चुलीपुढं बसायचीस. बाया रहाट घेऊन यायच्या आणि काही न बोलता कांड्या भरून जायच्या. मला वाटलं, आता हे संपलं. मग एकदा तूच उठलीस, हात धुतलेस आणि मला म्हणालीस, बाया आल्या की थांबव. त्या दिवशी तू त्यांना एका विसराळू सासऱ्याचं प्रकरण सांगितलंस. लई हसवलंस. इतकं दुःख पोटात असलेल्या बाईनं ते रचलं हे मला तेव्हा पटत नव्हतं. आता थोडं पटतं, कारण हे लिहिताना मलाही हसू येतंय.

लढाई आली, कागद मिळेना. छापखान्याचे मालक म्हणाले, थोडं आटोपतं घ्या. तू भांडणं कापलीस आणि बाया रुसल्या. लढाई संपली आणि तू ही कादंबरी काढलीस. पहिल्या प्रकरणातच तू त्या नायकाला आमच्या ह्यांचं नाव दिलंस. मी वाचताना अडकले. म्हटलं, हे काय गं, आक्का? तर म्हणालीस, दुसरं उरलं न्हाय, काय करू.

खोटं बोलत होतीस. मला नंतर सांगितलंस ते खरं. तू या घरात आलीस तेव्हा हे अजून मिसरूड न फुटलेले, तुझ्याच हातचं खाऊन वाढले. तू त्यांना नावानंच हाक मारायचीस, तुला चालायचं ते. तुझी पहिली कादंबरी लुगड्यांच्या गठ्ठ्यात घालून, सासऱ्यांच्या नकळत बेळगावच्या छापखान्यात पोचवली ती ह्यांनीच. तू म्हणालीस, आजवर सगळे नायक बाहेरनं आणले, एक तरी घरातला असू दे.

मी त्यावर युक्ती काढली. पहिल्यांदा नाव आलं तिथं उखाणा घेतला: धोट्यामागं धोटा धावतो मागावर, अमुकरावांचा जीव माझ्या वांग्याच्या भाजीवर. अमुकच्या जागी खरं नाव. बाया खूश झाल्या. पण ते नाव पानापानावर, आणि प्रत्येक वेळी उखाणा घ्यायचा तर एक प्रकरण दिवे लागेपर्यंत संपेना. मग मी नाव येईल तिथं नुसतं 'नायक' म्हणायला लागले. नायक उठला, नायकानं तोंड धुतलं. तू भिंतीकडे बघून चरफडायचीस. म्हणायचीस, "नायक काय नायक? त्यो काय सर्कशीत हाय?" पण चालवून घेतलंस. आता कळतंय, तू शेवटच्या प्रकरणाची वाट बघत होतीस.

त्यासाठीच तू मला गुंजीला नेलंस. म्हणालीस, फलाट किती लांब आहे ते बघायचं. आपण दोघी म्हाताऱ्या, डबा बांधून, खानापूरच्या पुढं त्या रानातल्या स्टेशनावर उतरलो. गाडी तिथं जेमतेम थांबते. तू मला एका टोकाला उभं केलंस, दुसऱ्या टोकाला गेलीस आणि तिथून हात केलास, आता हाक मार, नवऱ्याला मारतेस तशी. मी घसा ताणून 'अहो' म्हटलं. फलाटावरचे झाडून सगळे पुरुष वळले. स्टेशन मास्तर कचेरीतून बाहेर आले. उलट्या बाजूनं आलेल्या गाडीच्या खिडकीतल्या एकानं विचारलं, काय पाहिजे बाई? तू लांबून टाळ्या वाजवत होतीस. मग बाकावर बसून चटणी-भाकरी खाताना तू मला समजावून सांगितलंस, "बघितलंस? अहो म्हटलं तर सगळं गाव वळतंय, ज्यानं वळायचं त्योच वळत न्हाय. तिनं नावानंच बोलवायला पायजे, न्हाईतर गेला तिचा माणूस."

तिथं मी मान हलवली. कादंबरीतल्या बाईनं घ्यावं की खुशाल नाव, तिचं काय जातंय. पण प्रकरण हातात आलं आणि माझ्या लक्षात आलं, की ती हाक मला मारायची आहे. तिथं 'नायक' म्हणून भागणार नाही. गाडी सुटायला आलेली, आणि कुठली बाई नवऱ्याला 'अहो नायक' म्हणून ओरडते?

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य उणं होतं, हे मला आईनं सांगितलं, तिला तिच्या आईनं. तू हसशील. पण गेल्या थंडीपासून ह्यांना दम लागतो, हे तूही बघत होतीस. धोटा दोन वेळा फेकला की थांबतात, छातीवर हात ठेवतात. मी तुला म्हटलं, "ह्यांच्या जिवाशी खेळ नगं, आक्का. ही येळ न्हवं."

तेव्हा तू जे बोललीस ते आपल्या एवढ्या संसारात कधी बोलली नव्हतीस. म्हणालीस, "मी जन्मात घेतलं न्हाय. पुस्तकावर छापलेलं सुदीक घेतलं न्हाय. ऱ्हायला व्हय माझा माणूस?"

मी उठून भाकऱ्या थापायला गेले. रात्री तू वाढून घेतलंस, मीही. मीठ दे म्हणालीस तेवढंच बोललीस. दुसऱ्या दिवशी जेवताना माझ्या ताटात तू न मागता तुझ्यातली दह्याची कवडी घातलीस. ते भांडण मिटवणं होतं की नुसतं दही होतं, हे मला आता कोण सांगणार?

तर परवा चन्नव्वानं विचारलं आणि मी म्हटलं, उद्या वाचते. म्हटलं खरं, पण मनात पळवाटा चालू होत्याच. तू गेलीस, लेखणी माझ्याही हातात आहे, नाव बदललं तर कोण विचारणार? मी खूप आठवून बघितलं, पण एकही नाव सापडेना. देवव्रत पारूच्या जावेचा, अरुणकुमार कोपऱ्यावरच्या घरातल्या सुनेचा. तुझ्याच हातानं तू माझ्या सगळ्या वाटा बंद करून ठेवल्या होत्यास. मग मला असंही वाटलं, की नाव बदललं तर ती बाई दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारेल, आणि तिचा माणूस गाडीत बसून जाईल. मला ते बघवलं नसतं.

काल दुपारी बाया आल्या. इतक्या की सोप्यात रहाट मावेनात. हे आत मागावर बसले होते. मी सकाळी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही काही विचारलं नाही, पण एवढं सगळ्या गल्लीला माहीत असलेलं त्यांना माहीत नसेल असं कसं होईल? मी वाचायला लागले. गाडी आली, तो डब्याकडे निघाला, ती फलाटाच्या टोकाला. मी त्या ओळीपाशी आले. सोप्यात एकही रहाट फिरत नव्हता. तू असतीस तर म्हणाली असतीस, जागा पक्की.

मी नाव घेतलं. इतक्या बारीक आवाजात की मलाच ऐकू आलं असेल. चन्नव्वा म्हणाली, "एवढ्या हळू हाकंला रेल्वे थांबतीय व्हय गं?"

मी पान खाली ठेवलं, कारण ते आता मला पाठ होतं, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून गुंजीला मारली होती तशी हाक मारली.

"केशव!"

आतला माग थांबला. मग ह्यांची पावलं ऐकू आली, सावकाश. हे दारात येऊन उभे राहिले, हातात धोटा तसाच. सगळ्या बायांनी पदर सावरले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय गं, बोलावलंस?"

मी म्हटलं, "व्हय. बसा हितं."

हे उंबऱ्यावर बसले. पुढचं सगळं प्रकरण मी त्यांच्यासमोर वाचलं, आणि जिथं जिथं ते नाव होतं तिथं तिथं ते घेतलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं. तिसऱ्यांदा तर मला ते आवडलंसुद्धा. सगळं आयुष्य या माणसाबरोबर काढलं आणि त्याचं नाव उखाण्याशिवाय जिभेवर कसं लागतं ते मला आत्ता कळलं, आक्का. याबद्दल तुझ्यावर रागावू की तुझे पाय धरू, ते ठरत नाही.

वाचून झालं. बाया डोळे पुसत होत्या, कांड्यांच्या टोपल्या रिकाम्या होत्या. सासूबाई असत्या तर दोघींनाही फैलावर घेतलं असतं. मग मी कागद जुळवले आणि वरच्या पानावर तुझ्या अक्षरात लिहिलेलं लेखिकेचं नाव होतं तेही मोठ्यानं वाचलं: भागीरथीबाई रघुनाथ, आणि पुढं आपलं आडनाव. चिकोडीच्या कारकुनाला सांगायचं राहिलं होतं, ते सगळं, न अडता. थोरल्या भाऊजींचं नाव मी घेतलं, तुझ्या वतीनं घेतलं असं समज. चन्नव्वानं भिंतीकडे, तुझ्या जागेकडे बघून हात जोडले.

आज सकाळी मी ह्यांच्या आधी उठून बसले होते. उठतात कसे, श्वास कसा चाललाय, सगळं डोळ्यांत तेल घालून बघत होते. हे उठले, तोंड धुतलं, चहा मागितला, साखर कमी आहे म्हणून कुरकुरले. दम कालच्याइतकाच होता, वाढला नाही. साखरेवरून कुरकुरणारा माणूस मला कधी इतका गोड वाटला नव्हता. मग म्हणाले, दे ते कागद, छापखान्यात मीच पोचवतो, पहिलंही मीच नेलतं. मी म्हटलं, दम लागतो, टांगा करा. म्हणाले, टांगाच करणार हाय.

कागद लुगड्याच्या फडक्यात बांधून हे गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि तिथंच उभे राहिले. पाठमोरे. वळेनात की पुढं जाईनात. मला वाटलं, दम लागला. मी घाबरून दारात आले, तर कोपऱ्यावरचा टांगा तयार होता आणि हे नुसते थांबले होते, कान माझ्याकडे करून. गल्लीत सगळ्या बाया दारात उभ्या होत्या. मग माझ्या लक्षात आलं, हे कशासाठी थांबलेत.

मी पायरी उतरले आणि हाक मारली. नावानं.

वळले, आक्का.